अपोहन उपचाराची निवड : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

वृक्के (मूत्रपिंडे) कायमची निकामी झाल्यानंतर रक्तातील यूरिया, क्रिॲटिनीन इ. त्याज्य द्रव्ये आणि शरीरात साचलेले जादा पाणी कृत्रिम रीतीने काढून टाकण्याच्या क्रियेस अपोहन (डायालिसिस) म्हणतात. तिचे रक्त अपोहन व पर्युदरीय अपोहन असे दोन मुख्य प्रकार आहेत. यांपैकी कोणता प्रकार स्वीकारावा हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकीय वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर रुग्णाचे घर, त्याची नोकरी, रुग्णालयापासूनचे अंतर आणि उपचाराचा खर्च कोण सोसतो यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यात हे विशेष स्पष्टपणे दिसून येते. प्रस्तुत नोंदीत दोन्ही पद्धतींचा थोडक्यात इतिहास देऊन ह्या पट्ट्यातील निवडीचे स्वरूप सांगितले आहे.

उपचारांचे स्वरूप : रक्त अपोहनात रुग्णाचे रक्त शरीराबाहेर काढून अपोहक ह्या उपकरणातील अतिसूक्ष्म पोकळ तंतूंमधून वाहविले जाते. तंतूंच्या भित्ती अर्धपार्य असून त्यांच्या बाहेरून विशिष्ट लवणांचा अपोहन द्रव वाहत असतो. विसरणाने त्याज्य द्रव्ये रक्तातून द्रवात जातात आणि दाबातील फरकामुळे जादा पाणी निघून जाते. शुद्ध झालेले रक्त पुन्हा शरीरात सोडतात. एक सत्र सामान्यतः ४ तासांचे असते व आठवड्यातून अशी ३ सत्रे होणे इष्ट मानतात. तथापि भारतात अनेक रुग्ण खर्चामुळे दोनच सत्रांवर भागवितात. द्रवाचा प्रवाह मिनिटाला ५०० मिलि. धरल्यास एका सत्रात १२० लिटर द्रव लागतो. ह्यासाठी व्यस्त तर्षणाने शुद्ध केलेले पाणी, अखंड वीजपुरवठा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची आवश्यकता असते.

पर्युदरीय अपोहनात यंत्राऐवजी उदरपोकळीचे अस्तर म्हणजेच पर्युदर हेच पटल म्हणून वापरले जाते. बेंबीच्या जवळून बसविलेल्या मऊ नळीतून सु. २ लिटर द्रव पोटात सोडतात व काही तासांनी तो काढून नवा भरतात. द्रवातील द्राक्षशर्करेमुळे तर्षणाने जादा पाणी ओढले जाते. सामान्यतः दिवसातून ३ ते ४ वेळा अशी अदलाबदल करावी लागते आणि प्रत्येक वेळी सु. अर्धा तास लागतो. हीच क्रिया रात्री झोपेत यंत्राच्या साहाय्यानेही करता येते. हा उपचार रुग्ण स्वतः किंवा घरातील माणूस करू शकतो. रुग्णालयात साधारणपणे महिन्यातून एकदा तपासणीसाठी जावे लागते.

इतिहास : अर्धपार्य पटलातून स्फटिकाभ पदार्थ पार होतात व कलिले मागे राहतात, हे टॉमस ग्रॅहॅम (१८०५–६९) ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८६१ मध्ये दाखवून दिले आणि ह्या क्रियेस डायालिसिस हे नाव दिले. १९१३ मध्ये अमेरिकेत बॉल्टिमोर येथे जॉन एबल व त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर कृत्रिम वृक्काचा प्रयोग केला. जर्मनीतील गीसेन येथे गेओर्ख हास यांनी १९२४ मध्ये मानवावर पहिले रक्त अपोहन केले. त्याच्या आधीच्या वर्षी, १९२३ मध्ये, गेओर्ख गांटर यांनी पर्युदरीय अपोहनाचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. दोन्ही पद्धतींचा उगम अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी झालेला आहे. नेदर्लंड्समधील कांपेन येथे व्हिलेम कॉल्फ (१९११–२००९) यांनी जर्मन आधिपत्याच्या काळात फिरत्या पिंपाचे यंत्र बनवून १९४३ मध्ये वापरण्यास प्रारंभ केला. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये मात्र एक ६७ वर्षांची स्त्री ह्या उपचाराने वाचली.

ही यंत्रे तात्पुरत्या बिघाडासाठी उपयुक्त होती. प्रत्येक सत्रासाठी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने कायमच्या रुग्णास त्यांचा उपयोग नव्हता. ही अडचण सिॲटल येथील बेल्डिंग स्क्रिब्‌नर (१९२१–२००३) यांनी १९६० मध्ये दूर केली. टेफ्लॉनच्या नळीने हाताची रोहिणी व नीला बाहेरून जोडून त्यांनी वारंवार अपोहनाचा मार्ग खुला केला. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथील ब्रेशा, चिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखालीच रोहिणी व नीला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हीच आज प्रचलित असलेली फिस्चुला होय. पर्युदरीय पद्धतीत हेन्री टेंकहॉफ यांची १९६८ मधील मऊ नळी, १९७६ मध्ये ऑस्टिन येथील पॉपोविच व मॉन्क्रीफ यांनी मांडलेली दिवसभर चालणाऱ्या अपोहनाची कल्पना आणि त्यानंतर लवकरच टोराँटो येथे ओरिओपुलॉस यांनी वापरात आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हे तीन टप्पे निर्णायक ठरले. ह्यांमुळे उपचार रुग्णालयातून घरी नेणे शक्य झाले.

उपचार उपलब्ध होताच तो कोणाला द्यावा हा प्रश्न उभा राहिला. सिॲटलच्या केंद्रात १९६२ मध्ये जागा थोड्या व रुग्ण पुष्कळ अशी स्थिती असल्याने सात नागरिकांची समिती नेमून तिच्याकडे निवड सोपविण्यात आली. वकील, धर्मोपदेशक, गृहिणी, कामगार पुढारी आदींचा तीत समावेश होता. रुग्णाचे उत्पन्न, कुटुंब व सामाजिक उपयुक्तता यांचा विचार ही समिती करी व त्यामुळे तिच्यावर मोठी टीका झाली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य शासनाने अपोहनाचा खर्च उचलण्याचा कायदा केल्यावर ही अडचण तेथे संपली. हाँगकाँगने १९८५ पासून, वैद्यकीय अडचण नसल्यास प्रथम पर्युदरीय अपोहन द्यावे, असे धोरण स्वीकारले. खर्च उचलणारी संस्था जे धोरण ठरविते त्यानुसार रुग्णांची ‘पसंती’ बदलते, हे ह्या दोन उदाहरणांवरून दिसते.

भारत व महाराष्ट्र : भारतात १९६० नंतरच्या दशकात वेल्लोर, मुंबई अशा मोजक्या ठिकाणी अपोहनाची सोय झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये वृक्क प्रतिरोपणाचा देशातील पहिला प्रयत्न झाला, तर पहिले यशस्वी प्रतिरोपण वेल्लोर येथे १९७१ मध्ये करण्यात आले. लहान गावांतील रुग्णालयांत त्या काळी यंत्र नसे. तेथे कडक नळी घालून काही दिवसांपुरते पर्युदरीय अपोहन करीत. सर्पदंश, अतिसार, प्रसूतीतील गुंतागुंत यांमुळे अचानक वृक्के बंद पडलेल्या अनेक रुग्णांना त्याने जीवदान मिळाले.

अपोहन हा शब्द महाराष्ट्रातील सामान्य वाचकांच्या कानावर आला तो प्रामुख्याने जयप्रकाश नारायण यांच्या आजारामुळे. नोव्हेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धतेतून सुटका झाल्यावर त्यांची वृक्के निकामी झाल्याचे आढळले व मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम्. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांच्यावर रक्त अपोहन सुरू झाले. पुढे लोकवर्गणीतून त्यांच्यासाठी यंत्र घेण्यात आले व पाटण्याला घरी राहून उपचार घेणे त्यांना शक्य झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. घरी उपचार घेण्याची ही निवड देशभरच्या लोकांच्या मदतीमुळे साध्य झाली होती; सामान्य रुग्णाच्या आवाक्यातील ती नव्हती.

सतत चालणारे पर्युदरीय अपोहन भारतात १९९१ च्या सुमारास आले. १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियमाने अवयवांच्या खरेदी-विक्रीस बंदी करून प्रतिरोपणास कायदेशीर चौकट दिली. महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. तिच्या जागी २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. नियमित रक्त अपोहनाचा तीत समावेश आहे. केंद्र शासनाने २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम जाहीर करून जिल्हा रुग्णालयांत रक्त अपोहनाची केंद्रे उघडण्यास प्रारंभ केला. पर्युदरीय अपोहनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मात्र त्यानंतर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रे, खोल्या व तंत्रज्ञ यांवर आधी खर्च झाल्यामुळे सार्वजनिक व्यवस्थेचा कल रक्त अपोहनाकडे राहिला.

औद्योगिक पट्टा व त्याची आरोग्यव्यवस्था : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा पेनिसिलीन बनविणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गावांच्या जमिनींवर मोटारगाड्या, स्कूटर व त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांची रांग उभी राहिली. ह्या चार गावांची नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. पुणे–नाशिक मार्गावरील चाकण परिसर त्यानंतर वाढला. बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे २००९ मध्ये आणि महिंद्राचा २०१० मध्ये तेथे सुरू झाला. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी ह्या खेड तालुक्यातील गावांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार इ. राज्यांतून आलेले तरुण कामगार त्यांत राहतात.

आरोग्यसेवा मात्र पट्ट्याच्या दक्षिण भागात एकवटल्या. महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत १९८९ मध्ये सुरू झाले. कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय पिंपरीत, तर २००६ मध्ये सुरू झालेले आदित्य बिर्ला स्मृती रुग्णालय चिंचवडमध्ये आहे. कारखाने उत्तरेकडे सरकले, पण मोठी रुग्णालये होती तेथेच राहिली. अपोहनाच्या निवडीवर ह्या अंतराचा थेट परिणाम होतो.

निवडीवर परिणाम करणारे घटक : (१) वैद्यकीय बाबी : बहुसंख्य रुग्णांना दोहोंपैकी कोणतीही पद्धत चालू शकते. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांमुळे पर्युदराला चिकटे पडले असल्यास किंवा मोठा अंतर्गळ असल्यास पर्युदरीय पद्धत अयोग्य ठरते. रक्तवाहिन्या फार बारीक असल्यास किंवा हृदय दुर्बल असल्यास रक्त अपोहन कठीण जाते. पर्युदरीय पद्धतीत उरलेसुरले वृक्ककार्य व लघवीचे प्रमाण अधिक काळ टिकते व रक्तदाबात एकदम चढउतार होत नाहीत. उलट तीत पर्युदरशोथाचा धोका असतो, शरीरातील प्रथिने द्रवावाटे जातात आणि शोषलेल्या शर्करेमुळे मधुमेही रुग्णाच्या औषधयोजनेत बदल करावा लागतो.

(२) काम व पाळी : तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातील कामगारास आठवड्यातून तीन वेळा चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ, म्हणजे वर्षाकाठी १५६ सत्रे साधावी लागतात. अपोहन केंद्रेही सकाळ, दुपार व संध्याकाळ अशा पाळ्यांतच चालतात. परंतु केंद्रातील पाळी सहसा ठरलेली असते, कारखान्यातील पाळी दर आठवड्याला बदलते. फिस्चुला असलेल्या हातावर दाब पडू नये, त्याने जड वजन उचलू नये असा दंडक असल्याने दाबयंत्रावर, ओतशाळेत किंवा जोडणीच्या साखळीवर काम करणाऱ्यास कामच बदलून घ्यावे लागते. ओतशाळेच्या उष्णतेत घाम गाळणाऱ्या माणसास दोन सत्रांच्या दरम्यान मोजकेच पाणी पिण्याचे बंधन पाळणे विशेष जड जाते. पर्युदरीय पद्धतीत हात मोकळे राहतात व पथ्य काहीसे सैल असते. परंतु पाळीच्या मध्यास अदलाबदल करण्यासाठी धूळ व तेलाचे अंश नसलेली स्वच्छ, बंद खोली हवी. कार्यालयीन कर्मचाऱ्यास ती मिळू शकते, यंत्रावरील कामगारास क्वचितच. रात्रीचे यंत्र ही अडचण दूर करते, पण रात्रपाळी करणाऱ्यास तेही दिवसा लावावे लागते.

(३) निवास : दिवसाला चार पिशव्या धरल्यास महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे सु. २४० किग्रॅ. द्रव घरी साठवावा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच सोबत्यांसह राहणाऱ्या कामगारास एवढी खोकी ठेवण्यास जागा नसते. सामाईक नळ व संडास असलेल्या चाळीत हात धुऊन, दार-खिडक्या व पंखा बंद करून अदलाबदल करणे अवघड असते आणि थोड्या निष्काळजीपणानेही पर्युदरशोथ होऊ शकतो. निगडी-प्राधिकरण किंवा चिंचवडमधील स्वतःच्या सदनिकेत कुटुंबासह राहणाऱ्यास हीच पद्धत सोयीची ठरते. जी पद्धत घरी उपचार घेण्याची मुभा देते ती योग्य घर असलेल्यालाच उपलब्ध होते, अशी ही विसंगती आहे. ज्या घरी ती स्वीकारली जाते तेथे अदलाबदलीचे काम बहुधा पत्नी, आई किंवा सून यांच्यावर पडते. त्यांची संमती व श्रम यांचा हिशेब निवडीच्या वेळी क्वचितच मांडला जातो.

(४) अंतर : चाकणहून पिंपरी-चिंचवडकडे येणारी पुणे–नाशिक व तळेगाव–चाकण मार्गांवरील वाहतूक मालमोटारींमुळे वारंवार खोळंबते. सत्रानंतर थकवा व रक्तदाब उतरणे नेहमीचे असल्याने रुग्णासोबत दुसऱ्या माणसालाही रजा घ्यावी लागते. मार्च २०२० मध्ये कोव्हिडच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा वाहतूक बंद पडून रक्त अपोहनाच्या रुग्णांचे हाल झाले. घरी उपचार घेण्याचा फायदा त्या वेळी अनेकांच्या लक्षात आला; तथापि द्रवाच्या पिशव्याही वाहनानेच येतात, हेही त्याच वेळी ध्यानात आले.

(५) आर्थिक आधार : १९४८ च्या अधिनियमान्वये सुरू झालेल्या कामगार राज्य विमा योजनेत वेतनमर्यादेखालील कामगार येतात, ही मर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रु. करण्यात आली. जे उपचार योजनेच्या रुग्णालयात होत नाहीत त्यांसाठी रुग्णास करारबद्ध रुग्णालयाकडे पाठवितात. दीर्घकालीन वृक्क निष्फलता ही योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत असून पात्र कामगारास कमाल दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के दराने लाभ देण्याची तरतूद तीत करण्यात आली. वेतन मर्यादेपलीकडे गेलेल्यास कंपनीच्या गटविम्यावर अवलंबून राहावे लागते आणि दोहोंत न बसणाऱ्यास राज्याच्या योजनेवर. विमा नोकरीला बांधलेला असल्याने कंत्राट संपले की काही काळाने उपचाराचा आधारही सुटतो. अशा कामगारापुढे मग यंत्र की पिशवी ह्यापेक्षा येथे राहावे की गावी परतावे हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. गावापासून जवळ अपोहन केंद्र आहे काय, यावर त्याची पद्धत ठरते.

(६) निदानाची वेळ : वृक्कविकार दीर्घकाळ लक्षणांवाचून वाढतो. मधुमेह व अतिरक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे असून दोन्ही साध्या तपासणीने कळतात. तरीही अनेक रुग्ण धाप, सूज व उलट्या सुरू झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. तेव्हा मानेतील नीलेत तातडीने नळी घालून रक्त अपोहन सुरू करावे लागते. फिस्चुला वापरण्याजोगी होण्यास साधारणपणे ६ ते ८ आठवडे, तर पोटातील नळीची जखम भरण्यास सु. दोन आठवडे लागतात. उशिरा आलेल्यास ह्या दोन्हींसाठी अवधी नसतो. एकदा यंत्रावर उपचार सुरू झाले की तेच पुढे चालू राहतात. ह्या रुग्णांच्या बाबतीत निवड झाली असे म्हणणे कठीण आहे. कारखाना अधिनियम, १९४८ व महाराष्ट्रातील त्याखालील नियमांमुळे धोकादायक कामांवरील कामगारांच्या नियतकालिक वैद्यकीय तपासणीची प्रथा ह्या पट्ट्यात रुजलेली आहे. तिच्यात लघवीतील प्रथिने, रक्तदाब व रक्तातील क्रिॲटिनीन यांची नोंद नियमित झाली आणि निष्कर्ष कामगारास समजावून सांगितले गेले, तर निवडीसाठी काही महिन्यांचा अवधी हाती येऊ शकतो. ह्या नोंदी कामावरून कमी करण्यासाठी वापरल्या जाणार नाहीत असा विश्वास मात्र कामगारास वाटला पाहिजे. अन्यथा तो आजार लपवील.

मूल्यमापन : दोन पद्धतींपैकी आयुर्मान कोणत्या पद्धतीत अधिक, ह्याचा निर्णायक निवाडा झालेला नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी करणारी चाचणी हवी. नेदर्लंड्समध्ये असा प्रयत्न झाला व २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सु. ७७० पात्र रुग्णांपैकी केवळ ३८ जण त्यास तयार झाले. बाकीच्यांनी आपली पद्धत दैवावर सोडण्यास नकार दिला. दोन्ही पद्धतींची माहिती मिळालेल्या माणसाला स्वतःचे मत असते आणि ते तो सोडत नाही, हा ह्या चाचणीचा एक महत्त्वाचा निष्कर्ष म्हणावा लागेल. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०१० च्या एका चाचणीत लक्षणे नसताना लवकर अपोहन सुरू केल्याने आयुर्मान वाढत नाही असे आढळले. म्हणून लवकर निदानाचा लाभ लवकर अपोहन करण्यात नसून तयारीस व विचारास वेळ मिळण्यात आहे.

ह्या विचारात आणखी दोन पर्याय रुग्णासमोर ठेवणे आवश्यक असते. एक म्हणजे प्रतिरोपण. योग्य दाता मिळाल्यास बहुतेक तरुण रुग्णांसाठी तेच सर्वांत हितकर ठरते [⟶ अवयव प्रतिरोपण]. दुसरा, अतिवृद्ध व अन्य गंभीर विकारांनी जर्जर रुग्णाच्या बाबतीत, अपोहन न करता औषधांनी त्रास कमी ठेवणे. कोणतीही निवड अखेरची नसते. पद्धत बदलता येते व अनेक रुग्ण आयुष्यात एकाहून अधिक पद्धतींचा अवलंब करतात.

सिॲटलच्या समितीने उपचार कोणास द्यावा हे उघडपणे ठरविले. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात अशी समिती नाही. तिचे काम खोलीचे क्षेत्रफळ, पाळीचे वेळापत्रक, रस्त्याची स्थिती आणि विम्याची अट यांनी वाटून घेतले आहे. ह्या गोष्टी वैद्यकाच्या कक्षेबाहेरच्या असल्या तरी अपरिवर्तनीय नाहीत. चाकणजवळ पुरेशी अपोहन केंद्रे, अपोहन घेणाऱ्यास ठरलेली पाळी, कारखान्यात अदलाबदलीसाठी एक स्वच्छ खोली, पिशव्या साठविण्याची सामाईक सोय आणि नोकरी सुटली तरी चालू राहणारा विमा एवढ्यांनी रुग्णास खरोखरच्या दोन पद्धती उपलब्ध होतील व त्यांतून निवड करणे त्याच्या हाती येईल.